वाटेचा हक्क

मुंबई-गोवा रस्ता आमच्या पनवेलपासून सुटतो. पळस्पे फाट्यावरून वळलं की पेण, माणगाव, महाड, चिपळूण, मग खाली कणकवली, सावंतवाडी, बांदा. बांद्याच्या पुढं पत्रादेवी. तिथं गोव्याची हद्द लागते.

या एका रस्त्यावर दोन ठिकाणं अशी आहेत की जिथं हातात काही नसलेली माणसं साधी मागणी घेऊन चालत गेली आणि मार खाऊन, मरून पडली. महाड १९२७ आणि पत्रादेवी १९५५. महाडला मारणारे आपल्याच मुलखातले होते, हातात काठ्या. पत्रादेवीला मारणारे युरोपातल्या एका टीचभर देशाचे शिपाई, हातात बंदुका. इतिहास लिहिणारे महाड 'सामाजिक'च्या कप्प्यात टाकतात आणि पत्रादेवी 'राष्ट्रीय'च्या. मग दोन्ही कप्प्यांना कुलूप लावून चावी स्वतःच्या कनवटीला. मी आज ते दोन्ही कप्पे एकदम उघडणार आहे. कारण त्या टीचभर देशानं जगापुढं जी भाषा केली, ती आपल्या ओळखीची आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण तीच ऐकतोय.

हा देश म्हणजे पोर्तुगाल. क्षेत्रफळ ९२ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. १९५०च्या दशकात लोकसंख्या ९० लाखांच्या आत. शेतकरी गरीब, निरक्षर पुष्कळ. आणि हाताखाली काय? अंगोला, मोझांबिक, गिनी, केप व्हर्दे, साओ तोमे, तिमोर, मकाव आणि आपल्याकडं गोवा, दमण, दीव. एकटा अंगोलाच पोर्तुगालच्या तेरापट. गोवा तर १५१० पासून, आल्बुकेर्कनं घेतल्यापासून.

या सगळ्यावर राज्य करत होता सालाझार. अर्थशास्त्राचा प्रोफेसर. १९२८ला अर्थमंत्री झाला, १९३२ला पंतप्रधान, आणि १९६८पर्यंत खुर्ची सोडली नाही. विरोधी पक्षांना जागा नाही, छापण्याआधी सेन्सॉर, मागावर गुप्त पोलीस. आणि १९३३च्या कामगार कायद्यानं संप करणं गुन्हा. मिलमध्ये पाळी करणाऱ्या माझ्यासारख्याला सालाझार कळायला ही एक ओळ पुरेशी आहे. जो घरात कामगाराचं तोंड बांधतो तो बाहेर जाऊन कुणाचा हक्क सांगणार? पण त्यानं सांगितला. मोठ्या कोर्टात जाऊन सांगितला. तीच गोष्ट सांगायची आहे.

आधी नावाचा खेळ बघा. १९३०च्या कायद्यात पोर्तुगाल या मुलखांना उघड उघड 'वसाहती' म्हणत होता. पुढं दुसरं महायुद्ध झालं, हिंदुस्थान स्वतंत्र झाला, संयुक्त राष्ट्रसंघ उभा राहिला. संघाच्या सनदेत ७३वं कलम आलं: ज्याच्या ताब्यात स्वराज्य नसलेले मुलूख असतील त्यानं तिथल्या लोकांचं हित बघावं, आणि त्यांच्या स्थितीची माहिती संघाला द्यावी. हिशोब द्यायची वेळ आली. तेव्हा सालाझारनं काय केलं? १९५१ला घटना दुरुस्त केली आणि 'वसाहती' हा शब्द खोडून 'सागरापलीकडचे प्रांत' असा शब्द घातला. गोवा आता वसाहत नाही, प्रांत. जसा लिस्बनच्या भोवतीचा मुलूख, तसाच गोवा. १४ डिसेंबर १९५५ला पोर्तुगाल संघात शिरला. तुमच्याकडं ७३व्या कलमात बसणारे मुलूख किती, असं संघाच्या सरचिटणीसांनी विचारलं. उत्तर आलं, एकही नाही. वसाहतच नाही तर हिशोब कसला?

दोस्तांनो, हे वाचून तुम्हाला हसू आलं की नाही? मला आलं. आपण अस्पृश्य होतो. मग कुणीतरी प्रेमानं 'हरिजन' म्हणालं. विहीर तीच राहिली, वेस तीच राहिली, मेलेलं ढोर ओढायचं कामही तेच राहिलं. पाटी बदलली. ज्याच्या हातात सत्ता असते त्याला नाव बदलणं हा सगळ्यांत स्वस्त इलाज वाटतो. त्याला शाई लागते, जमीन द्यावी लागत नाही.

त्या 'प्रांतां'मध्ये माणूस कसा होता ते बघू. अंगोला, मोझांबिक, गिनीतला बहुतेक काळा माणूस कायद्यानं 'इंडिजेना' होता. म्हणजे तिथलाच, पण नागरिक नाही. त्याला वेगळा कायदा, आणि त्याच्याकडून सक्तीची मजुरी. हे मी पदरचं सांगत नाही. एन्रिक गाल्व्हांव नावाचा त्यांचाच एक मोठा अधिकारी होता. त्यानं १९४७ला अंगोलातल्या वेठबिगारीवर अहवाल लिहिला. अहवाल दाबला गेला आणि पुढं तो माणूस तुरुंगात गेला. १९६१ला घाना देशानं पोर्तुगालविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडं वेठबिगारीची रीतसर तक्रार केली. त्याच साली सप्टेंबरात पोर्तुगालनं 'इंडिजेना'चा कायदा रद्द केला. कधी केला ते लक्षात घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोलात बंड पेटलं, माणसं मेली, त्यानंतर. वेठ म्हणजे काय हे वतनदार महाराच्या नातवाला समजावून सांगायला नको.

गोव्यात 'इंडिजेना'चा कायदा नव्हता. गोवेकर कागदावर नागरिक होता. पण नागरिकानं सभा घेतली की तुरुंग. १८ जून १९४६ला लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली ती त्यासाठीच. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांनी लिहिलं-बोललं म्हणून त्यांना पार पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं.

आता एक गोष्ट मुक्तिसंग्रामावर लिहिणारे सहसा लिहीत नाहीत ती लिहितो. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, इन्क्विझिशन आणलं, माणसं बाटवली, पण जात बाटली नाही. बाटलेल्या बामणाच्या घरी बामणपण राहिलं आणि बाटलेला महार महारच राहिला. चर्चमधल्या मंडळांतसुद्धा जात पाळली गेली. गावची जमीन गावकरीची, म्हणजे ठराविक कुळांतल्या पुरुषांची. आपला माणूस त्यात नव्हता, तो गावाच्या चाकरीला. साडेचारशे वर्षं राज्य करणाऱ्या परक्या सरकारनं ही व्यवस्था मोडली नाही, उलट तिला कायद्याच्या पुस्तकात बसवलं. साम्राज्याला आणि जातीला एकमेकांचं ओझं कधी झालेलं नाही.

आता वाटेकडं येऊ.

दमणच्या आत, चारी बाजूंनी भारतानं वेढलेले दोन तुकडे होते: दादरा आणि नगर हवेली. हे पोर्तुगालकडं आले कसे? पेशव्यांनी दिले. १७७९चा पुण्याचा तह आणि त्यानंतर १७८३ आणि १७८५च्या सनदा. बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं. तेव्हा पेशवा सवाई माधवराव, पोरसवदा. कारभार कारभाऱ्यांचा. कारभाऱ्यांनी दौत-लेखणी घेतली आणि वारली, कोकणा, धोडिया लोकांची गावं फिरंग्यांच्या नावे करून टाकली. वारल्याला विचारलं का? विचारायची रीतच नव्हती. त्या काळच्या पुण्यात आपल्या माणसाला रस्त्यानं चालायचं तर गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, असं बाबासाहेबांनी १९३६च्या भाषणात लिहून ठेवलंय. वाटेचा हक्क म्हणजे काय, हे पेशवाईनं आपल्याला असं शिकवलं.

१९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोवेकर संघटनांच्या आणि इतर स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मोकळी केली. २२ जुलैला दादरा, २ ऑगस्टला सिल्वासा. भारत सरकारनं पोर्तुगीज फौजेला दमणहून तिकडं जायला वाट दिली नाही. त्याच महिन्यात, २६ ऑगस्ट १९५४ला बाबासाहेब राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलले. गोव्याबद्दल ते स्पष्ट म्हणाले, की सरकारनं सुरुवातीलाच लहानशी पोलीस कारवाई केली असती तर काम झालं असतं, सरकार नुसतं ओरडत राहिलं. बाबासाहेबांचं नाव घेताना पुष्कळांना फक्त राखीव जागा आठवतात. हा माणूस परराष्ट्र धोरणाचाही हिशोब मागत होता.

सरकार हललं नाही, माणसं हलली. १८ मे १९५५ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रही घेऊन आत शिरले. मग तुकडीमागून तुकडी. मधू लिमये गेले, बारा वर्षांची शिक्षा झाली. १५ ऑगस्ट १९५५ला हजारो माणसं वेगवेगळ्या वाटांनी हद्दीवर गेली. हातात झेंडे. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्या एका दिवसात वीसच्या वर माणसं मेली, जखमींची गणती वेगळी. पंजाबचा कर्नैलसिंग पत्रादेवीला पडला. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय झेंडा धरून जखमी झाल्या. आमच्या पनवेलचे हिरवे गुरुजीही याच गोव्याच्या सत्याग्रहात गेले. शाळेत पोरं शिकवणारा माणूस.

आता पुढचा डिसेंबर बघा. रक्त सुकून चार महिने झालेत. २ डिसेंबर १९५५ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर पत्रक काढतात आणि त्यात हे मुलूख पोर्तुगालचे 'प्रांत' ठरतात. पोर्तुगाल १९४९पासून नाटोत होता, दोस्ताला सांभाळून घ्यायचं होतं. १४ डिसेंबरला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात. आणि २२ डिसेंबरला पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तक्रार काय? भारत आम्हाला दादरा-नगर हवेलीला जायला वाट देत नाही. आमचा वाटेचा हक्क बुडाला.

पत्रादेवीच्या वाटेवर चालणाऱ्यांना गोळ्या घालणारा चार महिन्यांत वाटेचा हक्क मागायला कोर्टात उभा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

खटला सव्वाचार वर्षं चालला. भारताकडून ॲटर्नी जनरल सेटलवाड उभे राहिले. भारताच्या बाजूनं नेमलेले खास न्यायमूर्ती होते मुंबई हायकोर्टाचे छागला. पेशव्यांचे मराठी कागद युरोपातल्या कोर्टात उलगडले गेले. सरंजाम म्हणजे काय, जहागीर म्हणजे काय, पेशव्यानं मालकी दिली की नुसता वसूल दिला, यावर जगातले पंडित भांडले. १२ एप्रिल १९६०ला निकाल आला. कोर्ट म्हणालं, मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं, वसूल दिला होता. पण पुढं इंग्रजांनी पोर्तुगालचा ताबा मान्य केला, आणि सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीनं खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मिळत आली. तेवढा हक्क आहे. फौज, हत्यारी पोलीस, दारूगोळा यांना असा हक्क नाही. आणि १९५४ला भारतानं वाट अडवली त्यात भारताची चूक नाही. हा शेवटचा मुद्दा ९ विरुद्ध ६ मतांनी ठरला.

'वहिवाट' हा शब्द वाचला आणि मला महाड आठवलं. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. सवर्ण कोर्टात गेले. त्यांचंही म्हणणं वहिवाटीचंच होतं: अस्पृश्यांनी इथं पाणी भरायचं नाही ही पूर्वापार रीत आहे. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं, ही रीत अनादि काळापासूनची आहे हे तुम्ही सिद्ध करू शकला नाहीत. आपण जिंकलो.

दोन कोर्टं, दोन वहिवाटी. दोन्हीकडं एकच गोष्ट दिसते. जुलूम करणारा कोर्टात जातो तेव्हा तो माणसाचा हक्क मागत नाही, आपल्या सवयीचा हक्क मागतो. आम्ही इतकी वर्षं हे करत आलो, म्हणून आमचा हक्क. हेगच्या कोर्टासमोर ना वारली होता, ना पत्रादेवीला मेलेल्याची बायको. तिथं दोन सरकारं होती. दादऱ्याच्या माणसाला काय पाहिजे हा प्रश्न त्या कज्जाचा नव्हताच.

संघ मात्र तिथं थांबला नाही. आफ्रिका-आशियातले नवे देश आत आले होते, मतं बदलली होती. डिसेंबर १९६०मध्ये आमसभेनं वसाहती संपवायचा जाहीरनामा काढला आणि दुसऱ्याच दिवशी, १५ डिसेंबरला, पोर्तुगालच्या मुलखांची नावानिशी यादी ठरावात घातली. त्यात गोवाही होता. संघानं पोर्तुगालला सांगितलं, तू प्रांत म्हण नाहीतर आणखी काही म्हण, ही वसाहतच आहे. पोर्तुगालनं ऐकलं नाही.

१८ डिसेंबर १९६१ला भारताची फौज शिरली. १९ला गोवा, दमण, दीव मोकळे झाले. मरेपर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हानं तो मानला नाही, शरण आला. त्यानं पुष्कळ जीव वाचवले, आणि त्याबद्दल सालाझारनं त्याला फौजेतून हाकललं. तिकडं सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्थाननं ठराव आणला, भारतानं फौज मागं घ्यावी. सात मतं बाजूनं. विरोधात चार: रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. रशियाच्या नकाराधिकारानं ठराव पडला. १९५५ला सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा या मोठ्या देशांना शांतता भंगल्यासारखी वाटली नव्हती. सहा वर्षांनी वाटली.

त्यानंतर तेरा वर्षं पोर्तुगालनं गोवा गेल्याचं मान्य केलं नाही. मोहन रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगात १९६९पर्यंत सडले. गोवा सुटून सात वर्षं झाली होती आणि गोव्यासाठी लढलेला माणूस आतच होता. आफ्रिकेत तर पोर्तुगाल तीन आघाड्यांवर लढत राहिला. शेवटी त्याच्याच सैनिकांना ते असह्य झालं. २५ एप्रिल १९७४ला लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचली. आणि ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीत तह झाला. पोर्तुगालकडून परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिस, आपल्याकडून यशवंतराव चव्हाण. गोवा भारताचा, हे पोर्तुगालनं लिहून दिलं.

गोष्ट इथं संपवली तर आपल्याला बरं वाटेल. पण ती पुढंही जाते, आणि बोट आपल्याकडं वळतं.

७ डिसेंबर १९७५ला इंडोनेशियानं पूर्व तिमोरवर फौज घातली. तिमोर नुकताच पोर्तुगालच्या हातातून सुटत होता. आता नवा, लोकशाहीवाला पोर्तुगाल जगाला सांगू लागला, तिमोरच्या लोकांना स्वतःचं ठरवू द्या. जे तो गोव्याबद्दल कधी बोलला नव्हता ते तिमोरबद्दल बोलला. १९९१ला दिलीच्या सांता क्रूझ दफनभूमीत निःशस्त्र तरुणांवर गोळ्या चालल्या. त्याच साली पोर्तुगाल पुन्हा हेगला गेला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, तिमोरच्या समुद्रातल्या तेलाच्या कराराबद्दल. इंडोनेशिया हजर नाही म्हणून १९९५ला कोर्टानं निकाल द्यायला नकार दिला, पण तिमोरच्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सगळ्या जगावर बंधनकारक आहे असं नमूद केलं. १९९९ला तिमोरनं मत दिलं, शंभरात अठ्ठ्याहत्तरांनी इंडोनेशिया नाकारला. २००२ला तो देश स्वतंत्र झाला.

आणि भारत? डिसेंबर १९७५मध्ये आमसभेत इंडोनेशियानं फौज मागं घ्यावी असा ठराव आला, त्याच्या विरोधात मत देणाऱ्या दहा देशांत भारत होता. पत्रादेवीला माणसं गमावलेला भारत. वीस वर्षांत जागा बदलल्या. ज्यानं गोळी झाडली तो हक्काची भाषा बोलू लागला, आणि ज्याची माणसं मेली तो गोळी झाडणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसला. सरकारांची तत्त्वं अशी असतात. खुर्चीच्या पायाला बांधलेली.

आपल्यापुरतं बघायचं तर २००१चं डर्बन. वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद. दलित संघटना दूरवरून गेल्या, जातीचा प्रश्न मांडला. भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरातला प्रश्न, जगानं यात पडू नये. शेवटच्या कागदात जातीचा शब्द आला नाही. गंमत अशी, की वंशभेदाविरुद्धच्या १९६५च्या करारात 'जन्मकुळ' हा शब्द घालावा अशी सूचना भारताचीच होती. सालाझारही तेच म्हणत होता: गोवा आमचा प्रांत आहे, आमच्या घरातला प्रश्न आहे, संघानं विचारू नये.

मी पोर्तुगालचा इतिहास वाचला तो यासाठी. कुठलाही देश, लहान असो की मोठा, मानवी हक्कांवर बोलू लागला की त्याच्या भाषणाकडं बघू नका. तो 'घरातला प्रश्न' कशाला म्हणतो तेवढं बघा. जे तो घरातलं म्हणून झाकतो तिथंच माणूस मेलेला असतो. अंगोलातली वेठ घरातली होती. तिमोरची दफनभूमी इंडोनेशियाला घरातली होती. महाडचं तळंही गावच्या घरातलंच होतं, आणि बाबासाहेब परवानगी न मागता पायऱ्या उतरले.

हिरवे गुरुजींनीही हद्दीवर परवानगी मागितली नाही.

जयभीम.